बर्फखान्याची जमीन

"मीठ वर नाय, खाली हाय," धाकू एवढंच म्हणाला होता.

एकोणसत्तर सालचा एप्रिल होता. अंधेरीला खाडीच्या अंगाला बर्फाचा एक कारखाना बंद पडला होता आणि त्याच्या आवारात आम्ही सोसायटीची माणसं उभी होतो. ट्रकमधून तांबडी माती ओतली जात होती. आदल्या पावसात लावलेली साठ रोपं दसऱ्याच्या आत गेली होती. पानांच्या कडा आधी करपायच्या, उदबत्तीनं डागल्यासारख्या, मग पान, मग फांदी. म्हणून या वर्षी जास्त माती आणि जास्त शेणखत असं ठरलं होतं. आमच्या उद्यान समितीचे अध्यक्ष श्यामकांत तळपदे हातात पेन्सिलीनं काढलेला नकाशा घेऊन उन्हात उभे होते. सरकारी कचेरीतून निवृत्त व्हायला त्यांना दोन-तीन वर्षं राहिली होती. निवृत्तीच्या आत बाग व्हावी, एवढीच त्यांची इच्छा होती आणि तिच्यात वाईट काही नव्हतं.

आवाराच्या कोपऱ्यात विहीर होती. कोळीवाड्यातल्या बायका तिथं पाणी भरत होत्या. त्यांच्या मागून एक माणूस आला. पन्नाशीचा असेल. डोक्याला रुमाल, अंगात फाटकी बंडी. त्यानं कुणाला न विचारता आमची कुदळ उचलली, नव्या मातीला बगल देऊन जुन्या जमिनीत हातभर खड्डा केला, तळातली चिमूट जिभेवर ठेवली, थुंकला आणि ते वाक्य बोलला.

"मग काय करायचं?" तळपदे म्हणाले. "चमच्यानं काढायचं का मीठ?"

आम्ही हसलो. तो हसला नाही.

"धुवायचं."

"जमीन धुवायची?"

"हां. तीन पावसालं लागतील."

"पण एवढं मीठ इथं टाकलं कुणी?"

"मीच," धाकू म्हणाला.

ते खरं होतं. बावीस वर्षं तो त्या कारखान्यात होता. बर्फाचे डबे मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. ते पाणी बर्फापेक्षा थंड होतं पण गोठत नाही, आणि त्याच्या थंडीनं डब्यातलं गोडं पाणी गोठून लादी होते. धाकू ते डबे वर ओढायचा. महिन्यातून एकदा टाकीतलं जुनं, गंजानं लाल झालेलं मिठाचं पाणी काढून टाकावं लागे. ते आवारात सोडलं जाई. नवं मीठ पोत्यांनी येई, उघड्यावर पडे, पावसात विरघळे. बावीस वर्षं असं चाललं. जमीन काही बोलत नाही. धाकूही बोलला नाही, कारण त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिथं झाड लावायचं कुणाच्या मनात येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

त्या कामानं त्याच्या बोटांची टोकं पांढरी आणि मेलेली झाली होती. चुलीवरचं तापलेलं झाकण तो सरळ हातानं उचलायचा. त्याची बायको सगुणा आमच्या सोसायटीत मासळी घेऊन यायची. ती पाटी उतरवताना सांगायची, "ह्याला स्वताला ताप आला तरी ह्याच्या हाताला नाय कलत. म्हनून मीच सांगते, आज पडून रहा, आज तू गरम हायेस."

सदुसष्टमध्ये कारखाना बंद झाला. शेठ मोठी यंत्रं घेऊन गोदीकडे गेला. धाकूचं वय होडीवर जाण्याचं राहिलं नव्हतं आणि मेलेल्या बोटांना जाळ्याची गाठ कळत नव्हती. तो विहिरीच्या कठड्यावर बसून राहायचा.

त्या विहिरीची गोष्ट सांगायला हवी, कारण धाकूला जे काही हवं होतं ते तेवढंच होतं.

खाऱ्या पाण्याची लादी होत नाही, म्हणून कारखाना गोड्या पाण्याजवळ आला होता. जमीन मुळात कोळीवाड्याची, विहीरही. शेठनं जमीन घेतली तेव्हा वाड्यातल्या म्हाताऱ्यांनी एक शब्द घेतला होता: होड्यांना बर्फ मिळेल आणि घरांना पाणी. कागद नव्हता. तरी शेठनं शब्द पाळला. बायका कारखान्याच्या फाटकातून हंडे घेऊन यायच्या, जायच्या, कुणी हटकत नसे. वाड्यात पालिकेचे दोन नळ होते, पहाटे तासभर करंगळीएवढे वाहायचे. बाकी सगळा वाडा त्या विहिरीवर.

आता भूखंडावर बाग व्हायची होती. पालिकेनं देखभाल आमच्या समितीकडे दिली होती. तळपद्यांच्या नकाशात चारी बाजूंना भिंत होती, एक फाटक होतं, फाटकाच्या वेळा होत्या. मुलं पडू नयेत म्हणून विहिरीवर लोखंडी जाळी होती आणि जाळीला कुलूप. तो नकाशा सगुणानं आमच्या जिन्यातल्या फलकावर पाहिला होता. तिला वाचता येत नव्हतं, पण विहिरीच्या गोलावर मारलेली फुली कळायला वाचता यावं लागत नाही.

म्हणून धाकू आला होता. त्यानं सौदा मांडला. दुसरा कुठला शब्द मला सापडत नाही.

"जमीन मी धुतो. मानसं आमची. तुमी आमची बाव उघडी ठेवा."

"किती वाजेपर्यंत?"

"उघडी म्हंजे उघडी, सायेब."

समितीची बैठक झाली. इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं, म्हणून ठरावही मीच लिहिला. जमीन लागवडीयोग्य झाल्यास विहीर ग्रामस्थांना कायम खुली राहील. 'झाल्यास' हा शब्द तळपद्यांनी सुचवला. मी तो लिहिला. धाकूनं अंगठा उठवला. तो अंगठा कागदावर नीट उमटेना, टोकावरच्या रेषा गेलेल्या होत्या. तीन वेळा शाई लावावी लागली.

जमीन धुणं म्हणजे काय ते पहिल्या पावसात कळलं. धाकूच्या आजोळी खाडीला लागून भाताची खाजणं होती. बांध फुटून समुद्राचं पाणी शेतात शिरलं की तिथं असंच करत. बांध घालायचे, पावसाचं गोडं पाणी साठवायचं, ते उभं ठेवायचं, त्यानं मीठ आपल्यात घेतलं की ओहोटीच्या वेळी बांधातली उघाडी, म्हणजे फळीचं दार, वर ओढून सगळं खाडीत सोडायचं. मग पुन्हा साठवायचं.

पावसात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेपर्यंत वाड्यातल्या पुरुषांना काम नसतं. ते आठ-दहा जण रोज येऊ लागले. त्यांनी गुडघाभर उंचीचे बांध घालून आवाराचे सहा वाफे केले. खाडीकडच्या भिंतीला भोक पाडून चर काढला आणि तिथं एका मोडक्या होडीच्या फळीची उघाडी बसवली. आमच्या खिडक्यांतून दिसे ते फक्त पाणी. सहा चौकोन पाणी आणि त्यात काठीनं खोली मोजत फिरणारा धाकू.

"बाग होणार होती का तलाव?" सोसायटीतले लोक विचारायचे. एकानं तळपद्यांच्या दारावर चिठ्ठी अडकवली, होडीचं तिकीट किती म्हणून. तळपदे सहन करणारे होते, पण त्यांना असल्या गोष्टी लागत.

दर पंधरा दिवसांनी धाकू प्रत्येक वाफ्यात हातभर खणून तळाची माती चाखायचा. समितीतल्या सुहासिनीबाई तोंड फिरवायच्या. त्या तळपद्यांच्या पत्नी, शाळेत शिकवायच्या. "प्रयोगशाळेत पाठवता येईल हो धाकू," त्या म्हणायच्या.

"पाठवा," धाकू म्हणायचा. "तोवर मी चाखतो." मग थुंकून म्हणायचा, "अजून."

त्या वर्षी एवढंच झालं की सहा वाफ्यांपैकी दोनांत मिठाचा पांढरा थर उन्हाळ्यात वर आला नाही. मला ते पुष्कळ वाटलं. बाकीच्यांना काहीच वाटलं नाही.

सत्तरच्या मे महिन्यात खाडीकडच्या बाजूला दुसऱ्या कुणाची तरी इमारत उठली. तिची भिंत आमच्या भिंतीला लागून आली. चर बुजला, उघाडी भिंतीत गेली. वळसा घालून नवा चर काढायचा तर रस्ता खणायला हवा, रस्ता खणायला परवानगी हवी, आणि परवानगीचा कागद कुठल्या टेबलावर आहे हे शोधण्यात जून अर्धा गेला. पाऊस आला. वाफे भरले. पाणी जाणार कुठं?

त्याच आठवड्यात बैठक होती. कुणीतरी म्हणालं, दुसरा पावसाळा आला, एक काडी उगवली नाही, हा ठराव किती दिवस डोक्यावर बाळगायचा? दुसरं कुणी म्हणालं, विहिरीवर पंप बसवला तर आपल्याच टाकीला पाणी होईल. धाकू दाराशी उभा होता. त्याला खुर्ची दिली होती, तो बसला नव्हता.

तळपद्यांनी तोड काढली: शोषखड्डा. आवारातच बारा फूट खोल खड्डा घ्यायचा, विटांच्या तुकड्यांनी भरायचा, वाफ्यांचं पाणी त्यात सोडायचं. जमीन पिऊन टाकेल. परवानगी नको, काही नको.

जागा नकाशावर ठरली तशी आखली गेली. आखून झाल्यावर धाकू तिथून चालत विहिरीपर्यंत गेला. पावलं सारखी टाकत, मोजत. मी त्याच्या मागे होतो.

"तीस," तो म्हणाला.

"काय तीस?" तळपद्यांनी लांबून विचारलं.

"काय नाय."

"चालेल ना? का अजून एक पावसाळा घालवायचा? मला लोकांना तोंड द्यावं लागतं रे बाबा."

धाकू बराच वेळ विहिरीत बघत राहिला. पाणी वर आलं होतं, कठड्यापासून दोन हातांवर. एक बाई हंडा भरून त्याच्याजवळून गेली आणि सहज म्हणाली, "सरक ना रं धाकू, बावीत पडशील." तो सरकला.

"चालेल," तो म्हणाला.

मला तेव्हाच विचारायला हवं होतं. विचारलं नाही. आपल्या माणसाला सगळं समजतं असं गृहीत धरलं की आपल्याला समजून घ्यावं लागत नाही. आणि मी फार दमलो होतो. त्या दिवसांत आम्ही सगळेच दमलेले होतो, कशानं ते सांगता येणार नाही. बागेनंच असेल.

सत्तरच्या पावसाभर पाणी खड्ड्यात गेलं. एकाहत्तरच्याही. खड्डा कधी भरून वर आला नाही, हे तळपदे कौतुकानं सांगत. एकाहत्तरच्या ऑगस्टात धाकूनं सहाव्या वाफ्यातली माती चाखली आणि थुंकला नाही. गिळली. सप्टेंबरात हरळी आली. कुणी लावली नव्हती. आधी बांधांच्या कडेनं, मग आत. नवरात्रात आम्ही करंज लावले, भेंड लावले, तळपद्यांच्या आग्रहाखातर गुलमोहराची चार रोपं लावली. दिवाळीला सगळी जिवंत होती. लोक गॅलरीत उभे राहून बघत. होडीच्या तिकिटाची चिठ्ठी लिहिणाऱ्यानं एका बाकाची देणगी दिली.

दिवाळीनंतर सगुणा मासळी घेऊन आली तेव्हा पाटी उतरवली तरी झाकण काढीना.

"सायेब, तुमच्याकडं डाल शिजते?"

"म्हणजे?"

"आमच्याकडं शिजत नाय. काल दुपारी चढवलीय, आज सकाली पन दाना तसाच, दगडावानी. मी म्हनलं, डाल जुनी. दुसरी आनली. ती पन तशीच. जानकीकडं पन तसंच, लहूच्या बायकोकडं पन. सगल्या वाड्याची डाल जुनी कशी असंल?"

"धाकू काय म्हणतो?"

"तो काय म्हननार! लोटाभर पानी प्यायला नि म्हनतो, पानी गोड हाय. मी म्हनलं, बावीस वरसं तुझी जीभ मिठात मुरलीय मुडद्या, तुला गोड काय नि खारं काय! तुझ्या जिभेवर भरवसा ठेवून सायबांनी बाग केली, नवलच हाय."

ती हसली. मग पाटीतून पितळी लोटा काढून माझ्यापुढं धरला. मी एक घोट घेतला. पाणी खारट म्हणावं असं नव्हतं. गिळल्यानंतर जिभेच्या मागं काहीतरी उरत होतं, धातूसारखं.

"आता थोडं हाय," सगुणा म्हणाली. "मे मइन्यात बघा."

संध्याकाळी मी धाकूला बागेत गाठलं. तो शोषखड्ड्याच्या जागी उकिडवा बसला होता. वर आता हरळी होती, खड्डा कुठं आहे ते त्यालाच माहीत होतं.

"सगुणाबाई आल्या होत्या," मी म्हणालो.

"हां. मना बोलली."

"तुला पाणी खरंच गोड लागलं?"

"लागलं. मग तिनं डाल दाखवली." त्यानं दोन बोटांत हरळीचं एक पातं धरलं. त्याला ते जाणवत असेल असं मला वाटत नाही. "डाल खोटं नाय बोलत."

"खड्डा आखला तेव्हा तू पावलं मोजली होतीस."

त्यानं पातं सोडून दिलं. मग म्हणाला, "आमच्या आज्याच्या खाजनात बाव नव्हती. उघाडी होती, नि भायेर दर्या. मीठ दर्यातून आलं, दर्यात गेलं. हितं मना कलत होतं, कुटं तरी जाईल ते. मी मनात म्हनलं, तीस पावलं हायेत. बारा फूट खाली हाय. एवढी जमीन मदी हाय, ती घेईल थोडं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर बाग झाली नसती. बाग झाली नसती तर तुमी बाव दिली नसती." तो उठला. गुडघ्यांवर हात ठेवून, दोनदा प्रयत्न करून. "आता देताय नं?"

"देणार."

"द्या," धाकू म्हणाला.

मी तळपद्यांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. ते दुष्ट नव्हते, हे मी पुन्हा सांगतो. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"समुद्राजवळची विहीर," ते म्हणाले. "आज ना उद्या व्हायचंच होतं. खड्ड्यानंच झालं हे कशावरून?"

"डाळ शिजत नाही वाड्यात."

"नळाचा अर्ज करू आपण त्यांच्यासाठी. मी स्वतः मसुदा करतो. पण सव्वीस जानेवारीचं सगळं ठरलंय रे. वॉर्डातले साहेब येणार आहेत. आता काय त्यांना सांगू, कार्यक्रम नको म्हणून? एकदा पार पडू दे." मग चष्मा पुन्हा लावून म्हणाले, "आणि ठराव आपण पाळतोच आहोत. विहीर त्यांची. जाळी नाही, कुलूप नाही. शब्द मोडलेला नाही आपण."

त्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. इतिवृत्तात मी ही भेट लिहिली नाही, कारण ती बैठक नव्हती.

बहात्तरच्या प्रजासत्ताकदिनी सकाळी बाग उघडली. पताका, खुर्च्या, टेबलावर पांढरी चादर, माइक. हिरवळीच्या कडेनं पाट्या लावल्या होत्या: हिरवळीवर चालू नये. विहिरीला चुना दिला होता, झेंडूची माळ घातली होती, आणि कठड्यात एक संगमरवरी तुकडा बसवला होता: ग्रामस्थांसाठी कायम खुली. ही अक्षरंही माझ्या ठरावातलीच. 'झाल्यास' गळून पडलं होतं, आता त्याची गरज नव्हती.

वाड्यातल्या बायका डाव्या बाजूला बसल्या होत्या, सगळ्या ठेवणीतल्या लुगड्यांत. सगुणा पुढं. धाकूला व्यासपीठावर बसवलं होतं. कुणाचा तरी सदरा त्याच्या अंगात होता, खांद्यांवर मोठा होणारा. तळपद्यांचं भाषण चांगलं झालं. ते म्हणाले, ज्या माणसानं या भूमीला विष दिलं असं म्हणता येईल, त्याच माणसानं तिला अमृत दिलं. टाळ्या झाल्या. धाकूला शाल दिली. मग तळपदे म्हणाले, आज आपण केवळ बाग उघडत नाही, एक वचन पूर्ण करतो आहोत. या विहिरीचं पहिलं पाणी धाकूंनी प्यावं.

त्यांनी 'धाकूंनी' म्हटलं. तोवर कधीच म्हटलं नव्हतं.

मी तळपद्यांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझा समज आहे की हे कार्यक्रमात आधीच लिहिलेलं होतं आणि ते खोडायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं, आणि खोडल्यावर त्या जागी काय घालायचं ते सुचलं नाही.

कुणीतरी बादली सोडली. रहाटाचा आवाज माइकमधून सगळीकडे गेला. सुहासिनीबाईंनी स्टीलच्या पेल्यात पाणी ओतलं, पेला बाहेरून पदरानं पुसला आणि दोन्ही हातांनी धाकूपुढं धरला. पाणी स्वच्छ होतं. तळाचा ठसा दिसत होता.

डाव्या बाजूच्या बायका पेल्याकडे बघत होत्या. सगळ्यांना माहीत होतं. गेले तीन महिने त्या डाळीऐवजी नुसतं कालवण करत होत्या. कुणी हसलं नाही, कुणी कुणाला कोपर मारलं नाही. सगुणानं मान खाली घातली.

धाकू पेल्यात बघत राहिला, त्या दिवशी विहिरीत बघत होता तितका वेळ नाही, पण बराच. मग त्यानं पेला वर उचलला, ओठांना न लावता, वरून धार धरून, आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. घाई न करता. गळ्याचा उंचवटा वर-खाली होताना दिसत होता. त्याच्या जिभेला काय लागलं ते मला सांगता येणार नाही. टाळ्या पडत होत्या. माझेही हात वाजत होते.

"दोन शब्द बोला धाकू," तळपदे माइक त्याच्याकडे वळवून म्हणाले. "काय वाटतं आज?"

धाकूनं पेला टेबलावर ठेवला. चादरीवर ओला गोल उमटला. खांद्यावरची शाल काढली, तिची घडी घातली, मेलेल्या बोटांनी जमेल तशी, आणि खुर्चीवर ठेवली. माइकपुढं एक क्षण उभा राहिला. माइकमधून त्याचा श्वास तेवढा ऐकू आला. मग तो व्यासपीठावरून उतरला, खुर्च्यांच्या रांगेतून न जाता, पाट्यांच्या मधून हिरवळीवर पाय ठेवून, ती सरळ ओलांडत गेला आणि उघड्या फाटकातून बाहेर पडला.